‘मराठी प्रबंध ब्राउझरमध्ये होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फुकट एडिटरच्या नादी लागू नका. तिथे देवनागरी तुटते, नेट गेलं की काम गेलं, फुकटची गोष्ट कधीही बंद पडते, प्रबंध चोरीला जातो, गाईडला वर्डच लागतं, आणि चार हौशी पोरांनी केलेल्या कामाला छपाईची सर येत नाही. म्हणून मराठी प्रबंध डीटीपीवाल्याकडेच द्या.

आम्ही काही प्रोग्रामर आणि प्राध्यापक मिळून असाच एक ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचा, एडिटर बनवतोय, तेव्हा मी या वादात तटस्थ नाही. पण मेसेजमधला प्रत्येक मुद्दा तपासून पाहता येतो. ज्यात तथ्य आहे, तेही खाली सांगितलंय.

‘देवनागरी तुटते.’ लोकांना सगळ्यात आधी पटतो तो हाच मुद्दा, कारण अनेकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. विद्यार्थी लाटेक या आज्ञा लिहून पान जुळवायच्या प्रणालीचा एखादा तयार नमुना उघडतो, त्यात मराठी परिच्छेद चिकटवतो, बटण दाबतो, आणि एरर येते नाहीतर अक्षरांच्या जागी कोरी जागा. ठपका ब्राउझरवर बसतो. वास्तविक एडिटर ही फक्त लिहायची जागा आहे, पान जुळवतं ते मागचं इंजिन. बहुतेक नमुने पीडीएफलाटेक या जुन्या इंजिनासाठी केलेले असतात आणि त्या इंजिनाला युनिकोडचा देवनागरी फॉन्ट थेट वापरता येत नाही. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक हे नवं इंजिन आणलं तेव्हाच ही अडचण सुटली. झीटेक जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतं. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइडमध्येही हार्फबझच आहे. हा मेसेज तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचला असेल, तर त्यातली जोडाक्षरंही हार्फबझनेच जुळवून दाखवलीत.

झीटेकला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: फॉन्ट, लिपी आणि भाषा. फॉन्ट सांगितला नाही तर पान कोरं. लिपी सांगितली नाही तर ‘स्थिती’ची पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते आणि पायमोडकी अक्षरं दिसू लागतात. भाषा मराठी सांगितली की ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत, त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळण सोडून मराठी वळणाचा होतो. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट मोकळ्या परवान्याखाली मिळतो, तो घेऊन ‘दर्‍या’ आणि ‘सूर्य’ एका ओळीत लिहून पाहा, अर्ध्या ‘र’ची दोन रूपं वेगळी दिसतील. आमच्या एडिटरमध्ये ‘मराठी प्रबंध’ हा नमुना निवडला की या तिन्ही गोष्टी आधीच भरलेल्या येतात. विद्यार्थ्याला त्यांची नावंही माहीत असायची गरज नाही.

याच मुद्द्यात थोडं तथ्यही आहे. लिहिण्याच्या खिडकीत देवनागरीचा त्रास होत असे. एस (Ace) नावाचा जुना कोड एडिटर सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची धरून चालायचा, त्यामुळे मराठी ओळीत कर्सर एकीकडे दिसायचा आणि अक्षर दुसरीकडे पडायचं. कोडमिरर ६ या दुसऱ्या कोड एडिटरमध्ये अक्षराची जागा ब्राउझरने प्रत्यक्ष काढलेल्या मजकुरावरून मोजली जाते, म्हणून आम्ही तो घेतला. आता कर्सर जिथे दिसतो तिथेच अक्षर पडतं.

उलट मेसेजमधल्या सल्ल्याचीच तपासणी व्हायला हवी. कितीतरी मराठी प्रबंध अजून कृतिदेव किंवा त्या जातीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. छापलं की पान देखणं दिसतं, त्यात वाद नाही. डीटीपीवाल्यांचा हात बसलेला असतो आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण त्या फायलीत मराठी नसतं, इंग्रजी कळांच्या अक्षरांना फक्त मराठीचा आकार दिलेला असतो. कृतिदेवमधलं ‘शोध’ कॉपी करून युनिकोडच्या पानावर चिकटवलं, तर हाती येतं ते एकेरी अवतरणचिन्ह, के, के, एस, तिरपी रेघ आणि के. हा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो आणि तिथे ‘शोध’ हा शब्द शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. चार-पाच वर्षं अभिलेखागारात बसून, गावोगाव हिंडून केलेलं काम जगाच्या दृष्टीने नसल्यासारखं होतं. मला या सगळ्या वादात सर्वात जास्त लागतं ते हेच.

आपल्या जिल्ह्यापुरता आणखी एक प्रश्न आहे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथे शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. या भागातल्या लेखांवर काम करणाऱ्याला मराठी, कन्नड, संस्कृत, शिवाय रोमन लिप्यंतरातली टिंबं आणि आडव्या रेघा, हे सगळं एकाच पानावर लागतं. इथल्या गिरणगावाच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला तेलुगू लागते. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक लिपीला वेगळा कळफलक आणि वेगळी डोकेदुखी. युनिकोड आणि झीटेकमध्ये कन्नड उतारा तसाच लिहायचा आणि त्याला कन्नड फॉन्ट नेमून द्यायचा. तळटीपेतही तो तसाच चालतो.

‘नेट गेलं की काम गेलं.’ सोलापुरात वीज आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण ब्राउझरमध्ये चालणारं म्हणजे नेटवरच चालणारं, हे समीकरण जुनं झालं. वेबअसेम्ब्ली या ब्राउझरमध्ये मोठे प्रोग्राम चालवण्याच्या तंत्रामुळे पानं जुळवणारं इंजिनच ब्राउझरच्या आत चालवता येतं. स्विफ्टलाटेक हा प्रकल्प हे करून दाखवतो. टाइप्स्ट या नव्या जुळणीप्रणालीचा कंपायलर २०२३ मध्ये ओपन सोर्स झाला, तोही ब्राउझरमध्ये चालतो. अडचण वेगळीच आहे. टेकलाइव्हचा, म्हणजे लाटेकची इंजिनं, फॉन्ट आणि जोडफायलींचा, पूर्ण संच काही जीबींचा असतो, तो ब्राउझरमध्ये भरणं शक्य नाही. म्हणून प्रबंधाला लागतील तेवढ्याच फायली पहिल्यांदा उतरवून मशीनवर ठेवायच्या. पहिल्या वेळी नेट लागतंच, पुढे त्याच फायलींवर भागतं. लिहिलेला मजकूर ब्राउझरच्या साठ्यात राहतो आणि नेट आलं की सर्व्हरशी जुळतो. शिवाय मूळ फाइल साधा मजकूर असल्याने पेनड्राइव्हवर घेऊन कुठेही उघडता येते.

‘फुकटची गोष्ट बंद पडते.’ इथे एक उदाहरण पुरे. शेअरलाटेक या ब्राउझरमधल्या लाटेक एडिटरचा कोड २०१४ मध्ये एजीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला. २०१७ मध्ये ओव्हरलीफ या तशाच दुसऱ्या एडिटरच्या कंपनीने शेअरलाटेक विकत घेतलं. कंपनीचा मालक बदलला, पण तो कोड आज ओव्हरलीफ कम्युनिटी एडिशन म्हणून कुणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येतो.

चोरीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अप्रकाशित प्रबंध दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवताना माणसाला धास्ती वाटणारच. उपाय दोन. कॉलेजने आपल्याच सर्व्हरवर एडिटर बसवायचा, किंवा जुळणी विद्यार्थ्याच्या मशीनवरच करायची. पहिल्या उपायात एक धोका आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. लाटेक आणि झीटेक ज्यावर उभी आहेत ती टेक ही एक प्रोग्रामिंग भाषा आहे, तिच्यातून फायली वाचता येतात आणि सवलत दिली तर सर्व्हरवर आज्ञाही चालवता येतात. ओव्हरलीफची कम्युनिटी एडिशन प्रत्येक जुळणी वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवत नाही, म्हणून ती विश्वासातल्या माणसांपुरतीच ठेवावी लागते. एका विभागातल्या ओळखीच्या संशोधकांसाठी ठीक, अख्ख्या विद्यापीठासाठी नाही. ब्राउझरमधल्या जुळणीवर आमचा भर आहे तो यामुळेच: तिथे दुसऱ्याची फाइल आवाक्यातच नसते. मेसेज लिहिणाऱ्याने डीटीपी सेंटरच्या सामायिक कॉम्प्युटरवर पडून राहिलेल्या प्रबंधांबद्दल मात्र एक अक्षर लिहिलेलं नाही.

छपाईची सर येत नाही, हे विधान तर उलटंच आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये टेकचं काम हाती घेतलं ते स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहून नाराज झाल्यामुळे. टेक ओळ कुठे तोडायची हे सबंध परिच्छेद बघून ठरवतं, म्हणून शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकसारख्या राहतात. जगभरचे गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ आपले लेख याच जुळणीत देतात. हौशी पोरं या इंजिनाला हात लावत नाहीत, ती त्यापर्यंत जायची वाट सोपी करतात. पान दाखवायला मोझिलाचं पीडीएफ.जेएस आहे, दोघांनी एकाच वेळी लिहायला वायजेएस आहे, सगळं खुलं. आमच्या वाट्याला उरतं ते मराठीचं काम. उदाहरणार्थ संदर्भसूची. युनिकोडच्या क्रमांकाने लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी बसतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर आहे, म्हणजे ‘कासार’ आधी, ‘काळे’ नंतर. ही चूक परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

राहिला वर्डचा मुद्दा. गाईडना फाइलवर शेरे मारायची सवय आहे आणि ती सवय रास्त आहे. पॅनडॉक या फाइल-रूपांतराच्या प्रोग्रामने लाटेकची वर्ड फाइल होते, साधा मजकूर नीट येतो, पण तक्ते आणि संदर्भ हाताने बघावे लागतात. ओव्हरलीफच्या खुल्या आवृत्तीत शेरे आणि बदलांची नोंद या सोयी मिळत नाहीत. इथे मेसेज लिहिणाऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे, आणि सध्या आमचं काम याच भागावर चाललंय: गाईडने लिंक उघडावी, ओळ निवडावी, मराठीत शेरा लिहावा, आणि विद्यार्थ्याला तो त्याच ओळीशेजारी दिसावा. हे होईपर्यंत गाईडना पीडीएफ द्यावी, त्यावर शेरे मारता येतात.

ज्यांच्या प्रबंधात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू किंवा उर्दू उतारे आहेत, त्यांनी जुळणीत बिघडणारं एखादं पान फॉन्टच्या नावासकट आम्हाला दाखवावं. उर्दूचं उजवीकडून डावीकडे जाणारं वाक्य मराठी तळटीपेत आलं की अजून गडबड होते, आणि तशी पानं आम्हाला तपासायला हवी आहेत.