आगीच्या गोळ्यासमोर दाटीवाटीची रांग कशासाठी?

टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत युद्धाचा प्रसंग आला की तेच भालाईत मोकळ्या मैदानात खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि हे पाहून आता माझा संयम संपला आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका खेळाच्या २०१४ च्या नियमांत पाचव्या पातळीचा जादूगार १५० फुटांवरून २० फूट त्रिज्येचा आगीचा गोळा फेकतो. त्याने सरासरी २८ गुणांची इजा होते आणि साध्या पहारेकऱ्याचे जीवनगुण, म्हणजे इजा सोसण्याची क्षमता, असते अवघी ११; म्हणजे अंग चुकवून इजा निम्म्यावर आली तरी तो बहुधा मरतोच. मग कोणता शहाणा सेनापती अशी दाट रांग लावेल? तो सैनिक विखुरणार नाही? खंदक खणणार नाही? शत्रूचा जादूगार आधी टिपायला धनुर्धारी नेमणार नाही?

आणि ते उंच, सरळसोट तट! १४५३ साली तोफांच्या माऱ्यापुढे कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी टिकली नाही, पुढे इटलीत बुटके, जाड, कोनाकृती बुरूज उभे राहिले. मग शेकडो वर्षे ड्रॅगन डोक्यावरून उडत असताना या खेळांच्या जगात किल्ला बांधणाऱ्या एकालाही भक्कम छप्पर सुचू नये? रसदीचे तर कोणी नावच काढत नाही. पहिल्या पातळीच्या एका मंत्राने १० जणांचे दिवसभराचे पोट भरते, तरीही वेढ्यातला किल्ला दर वेळी उपासमारीनेच का शरण येतो?