‘सीमावासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘सीमावासी’,

आपल्या वॉर्डातल्या उमेदवारानं प्रचारसभेत समलैंगिक आणि तृतीयपंथी लोकांच्या समान हक्कांची बाजू घेतली, म्हणून मी त्यांचं कौतुक केलं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘असली थेरं आपल्या सीमाभागात कधी नव्हती. यानं मराठी मतं फुटतील. गटारं तुंबलीत ते बघा. आणि लेखकाला एवढा पुळका कशाला, तोही त्यातलाच का?’

शेवटच्या वाक्याचं आधी बोलतो. मी माझ्या नावानं लिहितो. तुम्ही टोपणनावाआड बसून माझ्या घरात डोकावताय. मी कोण, हे तुम्हाला सांगायला मी बांधलेला नाही. चारचौघांत, तोंडावर विचारलं असतं का हे? मतभेद असू देत, पण ही कुठली रीत झाली? माझे वडील १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी शाळेत असल्यापासून चालतोय. सीमाभागावरच्या माझ्या निष्ठेला तुमचा दाखला नको.

गटारांवर उमेदवाराच्या पत्रकात दोनच ओळी आहेत, हे मान्य.

आता ते ‘कधी नव्हती’. सौंदत्तीचा यल्लम्मा देवीचा डोंगर कुठल्या जिल्ह्यात येतो, सांगा बघू. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मंगळवारी, शुक्रवारी जोगते, म्हणजे या देवीला सोडलेले पुरुष, दारात यायचे. डोक्यावर देवीचा जग म्हणजे मूर्तीची टोपली, अंगावर लुगडं, कपाळभर भंडारा. चौंडकं ऐकू आलं की आजी पीठ-मीठ घेऊन बाहेर यायची, परडीत घालायची आणि पाया पडायची. पुरुषानं लुगडं का नेसलं, असं तिनं कधी विचारलं नाही. रांडाव पुनवेच्या जत्रेला तुमच्याही गल्लीतनं गाड्या डोंगराला गेल्या असतील, घरी विचारून बघा की. देवीला सोडायच्या प्रथेची मी भलामण करत नाही. तिच्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला आणि तो हवाच होता. पण ही माणसं पुण्या-मुंबईहून आलेली नाहीत.

दारात आल्यावर त्यांच्या पाया पडायचं आणि त्यांनीच भाड्यानं खोली मागितली की दार लावून घ्यायचं, हे मी इथंच बघत आलोय. उमेदवार बोलले ते नेमकं यावरच : भाड्याची खोली, रेशन कार्ड, सरकारी दवाखान्यात मिळणारी वागणूक. यात थेर कुठलं?

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ साली समलैंगिक संबंध गुन्ह्यातून काढले. कर्नाटक सरकारनं २०२१ साली नोकरभरतीत तृतीयपंथीयांना १ टक्का आरक्षण दिलं, आणि त्याच वर्षी तृतीयपंथी लोककलावंत जोगती मंजम्मांना पद्मश्री मिळाली. एवढं सगळं झाल्यावर आपल्या मराठी उमेदवारानं गप्प बसायचं? आपण सरकारकडे परिपत्रकं, उतारे मराठीत मागतो ते कशाच्या जोरावर? आपण इथं संख्येनं कमी आहोत, म्हणून आपला हक्क कमी होत नाही, असंच म्हणतो ना? मग तेच दुसऱ्यानं मागितलं की तुमचं का बिनसतं?

मतं फुटतात का, ते मोजणीच्या दिवशी बघू.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. उमेदवाराबद्दल हवं ते लिहा, मी उत्तर देईन. माझ्या घराची चौकशी मात्र पुन्हा केलीत, तर ती इथं छापली जाणार नाही.