घसरणारा फोकसर आणि वाया जाणारी रात्र
संगणकावरून चालवायची दुर्बीण शेकडो किलोमीटर दूर असताना तिचा फोकसर, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत-बाहेर सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारा भाग, घसरला की होणारा संताप कुणाला सांगावा! क्रेफर्ड पद्धतीच्या फोकसरला दातेच नसतात. गुळगुळीत पोलादी दांडा नळीला केवळ घर्षणाने सरकवतो, आणि त्या नळीला कॅमेरा व फिल्टरचे चाक मिळून दोन-तीन किलोंचा भार लटकत असताना अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण खस्वस्तिकाकडे, म्हणजे थेट डोक्यावरच्या आकाशाकडे, वळली, की दांडा जागच्या जागी फिरतो आणि नळी तसूभरही आत येत नाही. मोटर आपली पावले मोजत राहते, पडद्यावरचा आकडाही बरोबर दिसतो, पण तारे फुगत जातात आणि निरभ्र रात्र मातीमोल होते. एफ/5 दुर्बिणीत (जिचे नाभीय अंतर भिंगाच्या व्यासाच्या पाचपट असते) तारे टोकदार राहतील अशी फोकसची मुभा असते जेमतेम 67 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढी! ‘ताणाचा स्क्रू (दांडा नळीवर दाबून धरणारा) आवळा’ हा सल्ला ऐकून कान किटले आहेत. तो जास्त आवळला की मोटरच अडते. दांड्यावरचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, शेवटची हालचाल नेहमी भाराविरुद्ध ठेवावी, हे सगळे मान्य. पण जिच्याजवळ रात्री माणूस नसतो त्या दुर्बिणीला दातेरी पट्टीचा फोकसरच हवा, हे विकणारे आधी का सांगत नाहीत?