सिम्पसन्सचा तो एस्कलेटरवाला सीन २००० सालचा नाहीये

व्हॉट्सअ‍ॅपवर परत ते फिरतंय, ट्रम्प एस्कलेटरवरून खाली येतोय आणि म्हणे सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेने हे २००० मध्येच दाखवलं होतं. साफ चुकीचंय हे! तो सीन जुलै २०१५ च्या छोट्या क्लिपमधला आहे, म्हणजे जूनमध्ये ट्रम्पने तसंच एस्कलेटरवरून येऊन उमेदवारी जाहीर केली त्याच्यानंतरचा, म्हणून तर इतका हुबेहूब आहे ना. २००० चा एपिसोड खराय, ११ वा सीझन, १९ मार्चला लागलेला, पण त्यात ट्रम्प दिसतच नाही, भविष्यात राष्ट्राध्यक्ष झालेली लिसा (सिम्पसन्स कुटुंबातली मुलगी) फक्त म्हणते की ट्रम्पमुळे तिजोरीत खडखडाट आहे. आणि तेव्हा ट्रम्प खरंच रिफॉर्म पार्टी या अमेरिकेतल्या छोट्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायची चाचपणी करत होता, फेब्रुवारी २००० मध्ये माघार घेतली, त्यामुळे नाव चर्चेत होतंच.