बीए सायकॉलॉजी ‘नकली’ आणि बीएससी ‘असली’?

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. सायकॉलॉजी करायचीच तर बीएससी करा. बीएत प्रयोग नसतात, बीएवाल्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, परदेशात ती पदवी कोणी विचारत नाही, आणि सायन्सच्या मुलाने आर्ट्सला जाणं म्हणजे वर्षं वाया घालवणं. खाली बहुधा एखाद्या क्लासचा फोन नंबर.

‘बीएत प्रयोग नसतात.’ हे लिहिणाऱ्याने टीवायबीएला सायकॉलॉजी स्पेशल घेतलेल्या मुलांची जर्नलं उघडून पाहिलेली नाहीत. म्यूलर-लायर या दृष्टिभ्रमाचा प्रयोग घ्या. दोन रेषा, एकीच्या टोकांचे पंख आत वळलेले, दुसरीचे बाहेर उघडलेले. लांबी सारखी असली तरी बाहेर उघडलेली लांब दिसते. प्रयोज्याने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, सरकती पट्टी हलवत ‘आता सारख्या झाल्या’ म्हणायचं आणि प्रयोगकर्त्याने मागच्या बाजूची मोजपट्टी वाचायची. काही फेऱ्यांत पट्टी मुद्दाम जास्त लांब ठेवून सुरुवात, काहींत आखूड. काहींत डावीकडून, काहींत उजवीकडून. कारण सुरुवात कुठून झाली याचाही उत्तरावर परिणाम होतो आणि तो वेगळा काढावा लागतो. मग मिलिमीटरमधल्या चुकांची सरासरी, प्रमाण विचलन, आलेख, आणि शेवटी बाह्य परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. प्रयोज्य बहुतेक वेळा वर्गातलीच मैत्रीण असते, तिला युक्ती आधीच ठाऊक असते, तरी डोळा फसतोच. आता याला विज्ञान म्हणायचं नाही तर कशाला?

काही ठिकाणी जर्नलं मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जातात, हे खरं. पण ते फिजिक्सच्या प्रयोगशाळेतही चालतं, आणि तिथे कोणी बीएससीला नकली म्हणत नाही.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही.’ इथे मेसेज साफ खोटा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. त्यात बीए-बीएससी असा भेद कुठेही नाही. ते एमफिल आता बंद होत आलंय आणि नवे अभ्यासक्रम येताहेत, त्यामुळे आरसीआयची ताजी यादी पाहूनच प्रवेश घ्यावा. आणि हो, नुसत्या बीएससीवर दवाखाना थाटता येतो असं कोणाला वाटत असेल, तर तेही डोक्यातून काढावं.

‘परदेशात बीए चालत नाही.’ केंब्रिजमध्ये नॅचरल सायन्सेसचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला की हातात पडते ती बीए. गणितातही तेच; जयंत नारळीकर तिथे रँग्लर झाले ते बीएच्याच परीक्षेत. अमेरिकेत बर्कलीला फिजिक्स शिकलं तरी बीए मिळते. कुठली अक्षरं लागणार हे बऱ्याचदा विभाग कोणत्या फॅकल्टीत आहे आणि विद्यापीठाची जुनी रीत काय, यावर ठरतं. आपल्याकडेही मानसशास्त्र बराच काळ तत्त्वज्ञानाच्या शेजारी नांदलं, म्हणून ते आर्ट्सला राहिलं. जर्मनीतली अनेक विद्यापीठं एमएससीला घेताना संख्याशास्त्राचे आणि संशोधनपद्धतीचे क्रेडिट किती ते मोजतात. ते कमी पडले तर बीएवालाही अडतो आणि बीएससीवालाही.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते इतकंच: बीएससीला सहसा बारावी सायन्स लागतं, जोडीला जीवशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळू शकतं, आणि मेंदूविज्ञानाकडे वळायचं असेल तर त्याचा फायदा होतो. बीएच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र, साहित्य येतं. ज्याला शाळांत किंवा समुदायात काम करायचंय, त्याला समाजशास्त्र जास्त कामाचं.

‘आर्ट्सला जाणं म्हणजे वर्षं वाया’ याला एकच नाव पुरे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या आणि पुढे बर्लिनला जाऊन मानवी कवट्या मोजत बसल्या. कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हा त्यांच्या मार्गदर्शकाचा, ऑयगेन फिशर यांचा समज होता. मोजमापांतून तो निघत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी फिशर यांच्याच हाताखालच्या प्रबंधात मांडला.

घाबरायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीला घाबरा. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश बंद केले आहेत. ‘घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर खात्री करा, मग ती डिग्री बीए असो की बीएससी.