आमवाताच्या गोळ्या सोडायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, कुणी ना कुणी तो पुढे ढकललेला असतोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आमवात, ल्यूपस, सोरायसिस हे सांध्यांचे नाहीतर कातडीचे आजार, हृदयाशी त्यांचा काही संबंध नाही. कोलेस्ट्रॉल नॉर्मल असेल तर काळजीचं कारण नाही. हृदय बिघडतं ते मेथोट्रेक्सेटसारख्या जहाल गोळ्यांनी, तेव्हा त्या सोडा आणि गुळवेलीचा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवा.

मी औषधांच्या दुकानात बसतो. असलं वाचून गोळ्या बंद केलेली माणसं रोज समोर येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. म्हणूनच युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६च्या शिफारशींत सांगितलं, की हृदयविकाराचा धोका मोजायच्या नेहमीच्या तक्त्यातून निघालेल्या आकड्याला आमवाताच्या रुग्णांसाठी १.५नं गुणा. ल्यूपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते त्या आजाराचं चित्र आणखी गंभीर आहे. १९९७मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपसग्रस्त स्त्रियांची तुलना त्याच वयाच्या इतर स्त्रियांशी केली, तेव्हा हार्ट अटॅकचं प्रमाण पन्नास पटींहून जास्त निघालं. त्या वयात बायकांना अटॅक मुळातच फार कमी येतात, म्हणून हा आकडा एवढा मोठा दिसतो, हे खरं. पण चाळिशीतल्या बाईच्या छातीत दुखलं की घरचे ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडून देतात, त्या घरांनी तो लक्षात ठेवावा.

असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. धमनीच्या आतल्या अस्तराखाली एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल शिरतं आणि तिथे त्याचं रूप बिघडतं. ते साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी येतात, पोटभर खातात, फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. त्यांचा थर साचत जातो. त्यावर कोलॅजनची, म्हणजे चिवट प्रथिन-तंतूंची टोपी तयार होते आणि ती शाबूत असेपर्यंत माणूस वर्षानुवर्षं चालता-फिरता राहतो. पण टी पेशी, याही प्रतिकारपेशीच, तिथे जमल्या की त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्यानं नवं कोलॅजन बनणं मंदावतं. मॅक्रोफेजची विकरं (एन्झाइम) असलेलं कोलॅजनही कुरतडतात. टोपी पातळ होते, फाटते, रक्त आतल्या मालाला लागतं आणि गुठळी होते. बरेचसे हार्ट अटॅक असेच येतात.

आमवात, ल्यूपससारख्या ऑटोइम्यून आजारात, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तेव्हा, या पेशी आधीच चवताळलेल्या असतात. बोटांच्या सांध्यात तयार झालेले टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे दाह पेटवणारे रेणू तिथेच थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात, हृदयाच्या धमन्यांपर्यंतही. आमवाताच्या रुग्णांत सीडी२८ हा पृष्ठभागावरचा रेणू गमावलेल्या टी पेशी वाढलेल्या आढळतात. अटॅकच्या उंबरठ्यावर असलेल्या, म्हणजे अनस्टेबल अंजायनाच्या रुग्णांतही त्याच जातीच्या पेशी सापडल्या आहेत. ल्यूपसमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि ती धमनीच्या अस्तराला इजा करते.

पण म्हणून या पेशींना शत्रू ठरवून मोकळं होऊ नये. अटॅकनंतर मेलेला स्नायू उचलून व्रण भरून आणायचं काम मॅक्रोफेजच करतात. हृदयाच्या ठोक्याची वीज वरच्या कप्प्यांतून खाली पोचवणाऱ्या गाठीतही त्यांचा हात असतो, हे २०१७मध्ये पुढे आलं. अद्भुतच गोष्ट आहे ही! उपचारांनी या पेशी मारायच्या नसतात, त्यांचा भलतीकडे वळलेला मारा शांत करायचा असतो.

कोलेस्ट्रॉलचा मुद्दा वरवर पटणारा आहे, म्हणूनच तो जास्त घात करतो. आमवात जोरात असताना दाहामुळे एकूण कोलेस्ट्रॉल आणि एलडीएल दोन्ही खाली येतात, आणि धोका मात्र वाढलेलाच असतो. उपचारानं दाह उतरला की आकडे थोडे वर चढतात, तेव्हा रुग्ण औषधालाच दोष देतो. २०१७चा कँटोस अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. आधी अटॅक येऊन गेलेल्या आणि रक्तात दाह दाखवणारं सीआरपी वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांना इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाह पेटवणारा रेणू रोखणारं इंजेक्शन किंवा नुसतंच नावापुरतं इंजेक्शन दिलं गेलं. एलडीएल हललं नाही, तरी औषधाच्या मधल्या मात्रेवर अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, हेही त्यातच दिसलं.

आता गोळ्यांकडे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयविकाराच्या घटना कमीच आढळल्या आहेत, जास्त नाहीत. ऑटोइम्यून आजार नसलेल्या हृदयरुग्णांना ते देऊन पाहिलं तेव्हा फायदा झाला नाही, पण तो प्रश्न निराळा, ते रुग्ण निराळे. औषधं निर्धोक आहेत असं मी म्हणत नाही. स्टेरॉइड जास्त दिवस घेतलं तर बीपी आणि साखर चढते. टोफासिटिनिब या आमवाताच्या गोळीबाबत पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांसाठी इशारा आहे. हार्ट फेल्युअर असेल तर टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं जपून द्यावी लागतात. हे तोलायचं काम डॉक्टरांचं, मेसेज ढकलणाऱ्याचं नाही.

माझ्या काउंटरवर काय होतं ते सांगतो. एक काकू येतात. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मी लाल पेनानं ‘फक्त रविवार’ लिहून देतो, कारण ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. परवा त्या म्हणाल्या, ‘भाऊ, रविवारवाली आता नको, हृदयाला वाईट असते म्हणे. बोटं फार आखडलीयेत, त्या दुखण्याच्या गोळ्यांची अख्खी पट्टी द्या.’ डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांसारख्या पेनकिलरनीच हार्ट अटॅकचा धोका वाढतो. म्हणजे मेसेज वाचून काकूंनी दाह शांत करणारी गोळी टाकली आणि हृदयाला खरोखर जड जाणारी हातात घेतली. चिठ्ठीशिवाय पट्टी मी दिली नाही, मुलाला फोन लावायला लावला.

गुळवेलीबद्दल फार लिहायची गरज नाही. जिथे प्रतिकारशक्तीच आपल्या शरीरावर उलटली आहे, तिथे ती आणखी चेतवणं हा उपाय कसा होईल? २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी आणि पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या कित्येकांच्या यकृताला आलेली सूज ऑटोइम्यून प्रकारची होती. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला यकृत जपावं लागतंच, त्यात हा काढा नको.

ज्यांनी गोळ्या आधीच सोडल्या आहेत, त्यांनी आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नयेत. किती आठवडे चुकले, काढा किती दिवस घेतला, मधल्या काळात कोणत्या पेनकिलर घेतल्या, हे सगळं कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. रक्तपेशी, यकृत, किडनी यांच्या तपासण्या बघून ते मात्रा ठरवतील. त्याच फेरीत बीपी, साखर आणि लिपिड (कोलेस्ट्रॉलची तपासणी) यांची विचारणा करा. लिपिड आजार शांत असताना पुन्हा एकदा करून घ्या. चालताना छाती दाटली, जबडा किंवा डावा हात भरून आला, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर आमवाताचंच दुखणं समजून थांबू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.