बॉनेट लांब, वंशावळ त्याहून लांब

नागपुरात वर्धा रोडला प्लॉट झाला, पोरगं इंजिनीअरिंगला लागलं, घरावर सोलर बसलं, तरी गल्लीतले लोक अजून तुम्हाला नुसतं 'भाऊ' म्हणतात? मग तुमच्या आयुष्यात आता एकाच गोष्टीची कमी आहे: जुनी राजेशाही मोटार. जुनी म्हणजे अर्थातच नवी.

खऱ्या जुन्या गाडीच्या नादी लागू नका. ज्या गाडीची पुष्कळ नक्कल होते ती मर्सिडीजची एसएसके, १९२८ची. फर्डिनांड पोर्शे यांची करणी, सात लिटरचं इंजिन, आणि जगात चाळीससुद्धा बनल्या नाहीत. त्यातली एक घ्यायची तर धरमपेठेतली अख्खी गल्ली विकावी लागेल. बरं, घेतली तरी ती उन्हात काढता येत नाही. नागपुरात उन्हात काढायची नाही म्हणजे मार्च ते जून देव्हाऱ्यात ठेवायची. मग लोक बघणार काय?

त्यापेक्षा एक निवृत्त मारुती व्हॅन शोधा. शाळेची पोरं वाहून वाहून थकलेली असली तर उत्तम, किंमत पाडता येते. ती कापायची, सांगाडा लांबवायचा, वर फायबरचा साचा बसवायचा, सांध्यांमध्ये लांबी म्हणजे पुट्टी भरायची आणि मरून रंग मारायचा. एसएसके या नावातला 'के' म्हणजे जर्मन भाषेत 'आखूड'. आपला मिस्त्री व्हॅनला अकरा फुटांवरून सोळा फुटांवर नेतो, कारण मागे नवरदेव, करवली आणि दोन भाचे मावले पाहिजेत. मूळ गाडीच्या बॉनेटमधून एक्झॉस्टचे जाडजूड नळ बाहेर येत. तुमच्या गाडीला इतवारीतल्या सॅनिटरीच्या दुकानातली शॉवरची लवचीक नळी लावा. चमक तीच, शिवाय गंजत नाही. नाकावर रोल्स-रॉइसची परी आणि मर्सिडीजचा तारा दोन्ही बसवून घ्या. मूळ परी चार्ल्स साईक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवली, ती सडपातळ होती. आपल्याकडची जरा खात्यापित्या घरची निघते, पण पितळ जास्त लागलं म्हणून मिस्त्री वेगळे पैसे घेत नाही. इंजिन मात्र ७९६ सीसीचंच ठेवा. मूळच्या जेमतेम नवव्या हिश्श्याचं आहे, पण वरातीत कोण शर्यत लावतं?

मनाला लागतंय का थोडं? लागू देऊ नका, ही विद्या विलायतेतून आली आहे. ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन डिझायनरने १९६४ मध्येच एसएसकेच्या चेहऱ्याची 'एक्सकॅलिबर' स्टुडबेकर कंपनीच्या गाडीच्या सांगाड्यावर उभी केली आणि ती हौशी श्रीमंतांनी हौसेने घेतली. पुढे तिथे फोक्सवॅगनच्या बीटलवर चढवायचे फायबरचे साचे विकले जायचे. म्हणजे इंजिन मागे, बॉनेट पुढे आणि मधे मालक. इंग्लंडच्या पँथर कंपनीने बुगाटी रोयालच्या थाटाची 'डी व्हिल' काढली, तिला दरवाजे ऑस्टिनच्या साध्या घरगुती गाडीचे होते. राजवाड्याला चाळीचं दार! आणि ती मूळ रोयाल तरी काय? १२.७ लिटरचं इंजिन, खास राजेमहाराजांसाठी बांधलेली, आणि एकाही राजाने घेतली नाही. उरलेली इंजिनं शेवटी आगगाडीच्या डब्यांना जोडली. हे एवढं पाठ करून ठेवा. कोणी नक्कल म्हणून हिणवलं की शांतपणे ऐकवायचं.

आता मुख्य काम. गाडी मिस्त्री बनवतो, तिचं खानदान तुम्हालाच बनवावं लागतं, आणि इथेच पुष्कळ जण आपटतात. 'भोसल्यांच्या राज्यातली गाडी आहे' असं दडपून देतात. अहो, तिसरे रघुजी १८५३ साली गेले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. कार्ल बेन्झने मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ मध्ये. मधली बत्तीस वर्षं ही गाडी महालातल्या कोणत्या खुंट्याला बांधली होती, असं एखाद्या रिटायर मास्तराने विचारलं की संपलं. म्हणून जरा पूर्वेला सरका. खैरागड, कवर्धा, बस्तर, नांदगाव, ही छत्तीसगडातली संस्थानं थेट १९४८च्या विलीनीकरणापर्यंत होती, म्हणजे हिशोब जुळतो. नाव मात्र कोणाचंच घेऊ नका; नाव घेतलं की वारस भेटतो. 'तिकडच्या एका राजेसाहेबांनी आमच्या आजोबांना दिली,' एवढ्यावर थांबायचं. का दिली, असं कोणी विचारलंच, तर नजर दूर फुटाळा तलावाकडे न्या आणि मोठा सुस्कारा सोडा.

कायद्याचं म्हणाल तर मजा आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. वीस हजार भरले की दहा वर्षांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, पण अशी गाडी धंद्याला लावायची नाही. उलट तुमच्यासारखी कापून-जोडून केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात अडकते, आणि कंपनीने दिलेला मूळ घाट असा बदलता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पुन्हा बजावलंय. थोडक्यात, खरीला वरातीचं भाडं मारायला बंदी आणि खोटीला रस्त्यावर यायलाच बंदी. तरी लग्नसराईत नागपूरच्या एमएच-३१ आणि एमएच-४९ नंबरांच्या या राण्या रोज संध्याकाळी झेंडूच्या माळा घालून निघतात. नंबर प्लेटवर नेमकी माळ कशी येते, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. आरसी बुक मात्र घरीच ठेवा. त्यात राजेसाहेबांचा उल्लेख नसतो, 'मारुती व्हॅन, रंग पांढरा' असं असतं.

अशी गाडी मी जवळून पाहिली ती माझ्या मावसभावाच्या वरातीत. मे महिना, दिवसभर सेहेचाळीस अंश तापलेला डांबरी रस्ता, लॉन अजून अर्धा किलोमीटर लांब. गाडीचे मालक, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, स्वतः जोधपुरी कोट घालून चालवत होते. बँडवाल्यांच्या चालीने गाडी हाकायची म्हणजे पहिला गिअर आणि अर्धा क्लच. व्हॅनचं इंजिन कुठे असतं ते ज्याने चालवली त्याला माहीत आहे: पुढच्या सीटखाली. काकाजी एकदा डाव्या बाजूवर बसत, एकदा उजव्या. आमचे आजोबा काठी टेकत टेकत आले, त्यांनी मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "पाण्याच्या टाकीवानी वाजून राहिली रे."

तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. बँड थांबला. सगळी वरात भोवती गोळा झाली, नवरदेव वरून वाकून पाहायला लागला, आणि कोणीतरी आगाऊ पोट्ट्याने काकाजी नको नको म्हणत असताना ते लांबलचक बॉनेट उचललं.

आत वीस लिटरचा पाण्याचा कॅन, फेट्यांचं गाठोडं आणि संत्रा बर्फीचे अकरा डबे. बाकी काही नाही.

"इंजिन चोरीले गेलं का जी?" पोट्ट्याने विचारलं.

काकाजींनी घाम पुसला, कोटाची वरची गुंडी लावली. नजर दूर नेली. म्हणाले, "राजेसाहेब शिकारीले निघत ना बाप्पा, तेव्हा याच्यात शिदोरी ठेवत."

आजोबांनी मान डोलावली. मग दोन डबे फोडून बर्फी वाटली आणि सगळ्यांनी मिळून ढकलायला सुरुवात केली.